कानी पडे, ओठी चढे

घरात एक गंमत करून पाहा. फराळाला बसलेल्या चिरंजीवांना सहज सांगा, "अरे, माझ्या हातून पणती फुटली." थोड्या वेळाने त्यांनी सांडलेल्या दुधाकडे बोट करून विचारा, "हे काय झालं?" "माझ्या हातून दूध सांडलं," असे उत्तर येण्याचा संभव वाढलेला असतो. तुम्ही "मी पणती फोडली" म्हणाला असता, तर "मी दूध सांडलं" हे अधिक सहज आले असते. शब्द त्यांचे, घडण मात्र तुमची!

दर वेळी असे घडेलच असे नाही. पण ही नुसती कल्पनाही नव्हे. कॅथरिन बॉक या अमेरिकन विदुषींनी १९८६ साली प्रयोगाने हे दाखवले. माणसांकडून एक वाक्य म्हणवून घ्यायचे आणि मग त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेले चित्र दाखवून वर्णन करायला सांगायचे. कर्मणी वाक्य म्हटलेली माणसे चित्राचे वर्णनही कर्मणीत करण्याकडे झुकत. तसे करा म्हणून कोणी सांगितले नव्हते!

घरातली ही गंमत शाळेत मात्र गंमत राहत नाही. ठाणे जिल्ह्यातले शहापूर, मुरबाड हे तालुके घ्या. शहापुरातल्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईकर रोज पितात. या डोंगरपट्टीत ठाकूर, कातकरी अशा समाजांची वस्ती आहे. घरात आपली बोली ऐकत वाढलेले पोर शाळेत येते आणि पुस्तकी मराठी कानावर पडते. ते घरच्या वळणाने एक वाक्य बोलते. "अशुद्ध!" असा शेरा मिळतो, वर्ग हसतो आणि पोर जे गप्प बसते ते बसतेच.

याला दुसरा उपाय आहे. जॅनेलन हटनलॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या बालवर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बाई वर्गात जोडवाक्ये अधिक बोलत, त्यांच्या मुलांची तशी वाक्ये समजण्याची शक्ती वर्षभरात अधिक वाढली. मग गुरुजींनी पोराचे वाक्य खोडण्याऐवजी, "हो का? तुझ्या बाबांनी बैल विकला म्हणून तू रडलास?" असे म्हणून गोष्ट पुढे न्यावी. पोराची बोलीही राहील, नवे वळणही कानात मुरेल.

आणि आपल्या घरी? "नीट बोल!" असे मुलाला बजावण्याआधी, सकाळपासून आपण त्याच्याशी हुकमांपलीकडे किती वाक्ये बोललो, ते जरा आठवून पाहा.