लग्नाचा व्हिडिओवाला कसा निवडायचा? आधी ऐका, मग बघा

तुळशीचं लग्न लागलं की घराघरात पहिला प्रश्न हॉलचा, दुसरा जेवणाचा. व्हिडिओवाल्याचा नंबर फार खाली लागतो आणि तो ठरतोही असाच: इन्स्टावर रील बघितलं, आवडलं, ‘दादा, रेट काय?’ मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मला कोणी नुसता डेमो दाखवला की मी विचारतो, खरा डेटा टाकल्यावर काय होतं? रील म्हणजे डेमो. पन्नास लग्नांतले निवडक सेकंद एकत्र केले की कोणाचंही काम भारी दिसतं.

म्हणून पहिली मागणी ही करा: एका लग्नाचा पूर्ण व्हिडिओ दाखवा. त्या घरच्यांची परवानगी घेऊनच, अर्थात. शक्यतो ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या एखाद्या हॉलमधला, दुपारच्या मुहूर्ताचा. राजस्थानातल्या महालात कॅमेरा कुठेही धरला तरी छान दिसतं हो. आपल्याकडे बुटकं छत, भडक एलईडी, स्टेजवर तीस माणसं, आणि हॉल रुळांजवळचा असेल तर ऐन मंगलाष्टकात फास्ट लोकलचा भोंगा.

आणि हा व्हिडिओ हेडफोन लावून बघा. कारण आपल्या लग्नात जे जपून ठेवावं असं असतं, ते बरंचसं ऐकायचं असतं. मंगलाष्टकं, नाव घेणं, कानपिळीच्या वेळची चेष्टा, पाठवणीच्या वेळी आई जे काही पुटपुटते ते. कॅमेऱ्यावरचा माइक पंधरा फुटांवरून यातलं काय पकडणार? पंखे आणि गर्दी. तेव्हा थेट विचारा: गुरुजींना कॉलर माइक लावणार का? हॉलच्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळं रेकॉर्डिंग घेणार का? ‘आवाज एडिटिंगमध्ये बघू’ असं उत्तर आलं, तर चहा प्या आणि निघा.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात आजीने स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं होतं. व्हिडिओ आला, तर त्यावर हिंदी सिनेमाचं गाणं. आजी दिसते, ओठ हलतात, आवाज नाही. पुढच्या वर्षी आजी गेली. मावशीने मूळ रेकॉर्डिंग मागितलं, तर ते कधीच पुसून टाकलेलं.

आता अंतरपाटाकडे या. नवरी एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला, मध्ये कापड. एकच कॅमेरा असेल तर पाट दूर होताना दोघांपैकी एकाचाच चेहरा नीट मिळतो. अक्षता पडल्या, हार घातले, संपलं. रीटेक नाही, अर्धी मंडळी पंगतीकडे वळलेली असतात. त्यामुळे मुहूर्ताला दोन कॅमेरे हवेतच. ड्रोन, स्लो मोशन, धुराचं मशीन हे सगळं त्यानंतर. बजेट कमी असेल तर प्री-वेडिंग कापा, दुसरा कॅमेरा कापू नका. हे माझं मत, भांडायचं असेल तर भांडा.

थोडं टेक्निकल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर चुकीचं ठेवलं की चित्रात काळे पट्टे सरकतात. दाखवलेल्या व्हिडिओत मागच्या डेकोरेशनकडे बघा. पट्टे दिसले तर समजून घ्या.

दुसरं, डेटा. फोर-के रेकॉर्डिंग सेकंदाला १०० मेगाबिटने केलं, तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, पाच तास: ४५० जीबी. एवढं सगळं एकाच कार्डावर, आणि ते कार्ड कोणाच्या तरी खिशात? एकाच वेळी दोन कार्डांवर रेकॉर्ड होतं का आणि त्याच रात्री कॉपी कुठे कुठे होते, हे विचारा. सर्व्हरचा बॅकअप आपण घेतोच ना?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. पण हा ‘वेगळा करार’ बऱ्याचदा कोटेशनच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत असतो. तो वाचा. शिवाय हक्क तुमचा असला तरी मूळ फाइल्स आपोआप घरी येत नाहीत. त्या मिळणार, किती महिने ठेवणार, आणि गाणी न चढवलेला, मूळ आवाजाचा पूर्ण विधी वेगळा देणार, हे लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. गाणी चढवलेला व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर कॉपीराइटचा दावा येऊन आवाज बंद होऊ शकतो, ते वेगळंच.

अजून एक: ज्याच्याशी बोलताय तोच येणार का? सीझनमध्ये एका तारखेला तीन-तीन लग्नं घेतात आणि तुमच्याकडे भलताच मुलगा येतो. येणाऱ्याचं नाव आधी घ्या, त्याचंच काम बघा, मुहूर्ताची वेळ आणि कोण कोण मंगलाष्टकं म्हणणार ती यादी त्याला आदल्या दिवशी पाठवा. त्याला जेवायला लवकर बसवा, बिचारे उपाशी राहतात. आणि शेवटचा हप्ता हार्ड डिस्क लॅपटॉपला लावून, मंगलाष्टकं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून झाल्यावरच द्या.