लय हृदयाची (भाग ४) : बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

एट्रियल फिब्रिलेशनचं (एएफ) निदान झालं, औषधानं धडधड थांबली, की बहुतेक घरांत हा प्रश्न येतो : आता रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करू का? उत्तर ठाम आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

मागच्या भागात पाहिलं, की एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. तिथे रक्त साचतं आणि गुठळी धरते. ती सुटून मेंदूत पोचली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या प्रदीर्घ अभ्यासात एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट आढळला. धडधड जाणवते की नाही, यावर तो ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, आधीचा पक्षाघात यांचा हिशेब करूनच डॉक्टर गोळी सुरू करतात. अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही.

गोळी कोणती, हे झडपेवर ठरतं. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं झडप अरुंद झालेले रुग्ण अजूनही बरेच आहेत. त्यांच्यासाठी, तसंच कृत्रिम धातूची झडप असणाऱ्यांसाठी, वॉरफरिन किंवा असिनोकुमरॉल ही जुनी औषधंच योग्य. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात संधिवाती हृदयविकार आणि एएफ असलेले सुमारे साडेचार हजार रुग्ण होते. त्यांत नव्या रिव्हरॉक्सबॅनपेक्षा जुन्या औषधांवर मृत्यू कमी झाले. बाकीच्या बहुतेकांना डॅबिगॅट्रान, अपिक्सबॅन अशी नवी औषधं चालतात. मात्र त्यांचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून वेळ चुकवू नये.

जुन्या गोळ्यांवर असाल तर रक्त किती पातळ आहे हे दाखवणारी आयएनआर तपासणी ठरल्या तारखेला करा. एएफमध्ये आकडा साधारण २ ते ३ च्या दरम्यान हवा. मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवा. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर आणू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. काढे, जडीबुटी चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. दात काढायचा असला तरी गोळी मनानं थांबवू नका. डोक्याला मार लागला किंवा शौचाला काळं, डांबरासारखं होऊ लागलं, तर लगेच रुग्णालय गाठा.

तोंड वाकडं होणं, हात गळून पडणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. गोळीचं नाव आणि ती शेवटची कधी घेतली, हे रुग्णालयातल्या डॉक्टरांना आधी सांगा. पुढचे उपचार त्यावर ठरतात. म्हणून ही माहिती घरातल्या प्रत्येकाला आजच देऊन ठेवा.

पुढील आठवड्यात : ठोक्यांचा वेग आवरायचा की लयच पूर्ववत करायची?