बोलींचा शब्दसंग्रह : फाइलरूप डेटाबेस आणि क्लाउड-साठवण

५.४.१ प्रास्ताविक

क्षेत्रीय पाहणीत गोळा केलेले बोलींतील शब्द सुरक्षित कसे राखावेत, याचा विचार या भागात करावयाचा आहे. वृद्ध निवेदकाने सांगितलेला शब्द हरवला, तर तो पुन्हा मिळेलच असे नाही.

५.४.२ फाइलरूप डेटाबेस

शब्द, अर्थ, गाव, निवेदक अशा रकान्यांच्या संग्रहासाठी ‘एसक्यूलाइट’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर उपयुक्त ठरते. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली निर्माण केले. त्यास स्वतंत्र सर्व्हर लागत नाही; संपूर्ण संग्रह एकाच फाइलीत मावतो. ही फाइल एकाच वेळी अनेकांना वाचता येते. लेखन मात्र एका वेळी एकालाच करता येते. लेखन चालू असताना फाइलीस कुलूप लागते आणि काही तपशील शेजारच्या जोडफाइलीत असतो.

५.४.३ क्लाउडवर काय घडते?

गूगल ड्राइव्हसारखी सेवा फाइलीची प्रत दूरच्या सर्व्हरवर ठेवते आणि निरनिराळ्या संगणकांवरील प्रती जुळविते. परंतु फाइलीच्या आतील नोंदी ती ओळखत नाही. एका संगणकावरील कुलूपही दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. समजा, ‘मुलगा’ या अर्थी सिंधुदुर्गातील विद्यार्थिनीने मालवणी ‘झिल’ आणि त्याच वेळी अमरावतीतील विद्यार्थ्याने वऱ्हाडी ‘पोट्टा’ नोंदविला. सेवा या नोंदी एकत्र करीत नाही. एक प्रत दुसरीची जागा घेते, किंवा दोन विसंगत प्रती उरतात. मूळ फाइल व जोडफाइल वेगवेगळ्या क्षणी चढविल्या गेल्यास संपूर्ण संग्रह बिघडण्याचाही संभव असतो.

५.४.४ कार्यपद्धती

(१) ज्यात लेखन चालू आहे, ती फाइल आपल्या संगणकावरच ठेवावी.
(२) काम संपल्यावर सॉफ्टवेअर बंद करून फाइलीची प्रत काढावी, तिच्या नावात दिनांक घालावा आणि ती क्लाउडवर चढवावी. जुन्या प्रती लगेच पुसू नयेत.
(३) प्रत्येक संकलकाची फाइल स्वतंत्र असावी. एकत्रीकरण एकाच संपादकाने करावे.
(४) अधूनमधून क्लाउडवरील प्रत उतरवून, उघडून तपासावी. न तपासलेल्या प्रतीवर विसंबू नये.
(५) अनेकांना एकाच वेळी लेखन करावयाचे असल्यास ‘पोस्टग्रेसक्यूएल’सारखा सर्व्हरवरील डेटाबेस निवडावा.

५.४.५ सारांश

फाइलरूप डेटाबेस हे लेखनाचे स्थान, तर क्लाउड हे प्रती जपण्याचे स्थान होय. हा भेद पाळल्यास दोन्ही साधने परस्परपूरक ठरतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. दोन संकलकांनी क्लाउडवरील एकाच फाइलीत लेखन केल्यास नोंदी का हरवू शकतात?
२. आपल्या परिसरातील बोलीच्या शब्दसंग्रहासाठी रकान्यांचा आराखडा तयार करा.