कमरेचा पेला

पोशाखाचा विचार करताना आपण बहुधा कापडाचाच विचार करतो. वीण, रंग, बेतणी, शिवण यांची चर्चा होते. परंतु माणूस नुसते कापड अंगावर घालून घराबाहेर पडत नाही. त्याच्याजवळ चार वस्तू असतात आणि त्या वस्तूंवरून तो कोण, कोठे निघाला आणि कोणाच्या घरी जेवणार, हे ओळखता येते. अमेरिकेत भरणाऱ्या ‘रेनेसान्स फेअर’ नावाच्या जत्रांतील अशाच एका वस्तूविषयी, कमरेला अडकवलेल्या पेल्याविषयी, आम्ही येथे थोडे विवेचन करणार आहोत. विषय दिसायला लहान आहे. पण गतकाळाचे सोंग घेताना त्या काळाशी किती इमान राखावे, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

या जत्रांचा उगम फार जुना नाही. १९६३ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिस येथे फिलिस पॅटरसन या शिक्षिकेने व त्यांचे पती रॉन पॅटरसन यांनी केपीएफके या नभोवाणी केंद्राच्या मदतीसाठी अशी पहिली जत्रा भरवली. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या, म्हणजे १५५८ ते १६०३ या काळातील इंग्लंडचा बाजार डोळ्यांपुढे उभा करावा, ही कल्पना. पुढे अमेरिकेच्या अनेक राज्यांत तिचे अनुकरण झाले. कलावंतच नव्हे, तर पाहुणेही त्या काळाचा वेष करून येऊ लागले. कमरेला पट्टा, पट्ट्याला कातडी थैली आणि थैलीशेजारी वादीत ओवलेला पेला, हे चित्र आता इतके रूढ झाले आहे की, सोळाव्या शतकातला प्रत्येक इंग्रज असाच पेला हलवीत हिंडत असावा, असे कोणासही वाटावे.

त्या काळाचे पुरावे मात्र निराळे सांगतात. ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराचे सुमारे १५६७ सालचे शेतकऱ्याच्या लग्नाचे चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात जेवण वाहून आणणाऱ्या एका गड्याने आपला लाकडी चमचा टोपीत खोचला आहे; पेय मात्र डाव्या हाताला एक जण मोठ्या भांड्यातून लहान सुरयांत ओतीत आहे, आणि त्या सुरया यजमानाच्या आहेत. इंग्लंडातील विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाने १५७७ साली आपल्या देशाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात तो सांगतो की, सरदारांच्या घरी पेले मेजावर मांडीत नसत. ज्याला तहान लागेल त्याने पेला मागावा, पिऊन तो सेवकाच्या हाती द्यावा आणि सेवकाने उरलेले ओतून पेला पुन्हा फडताळात ठेवावा. सारांश, सुरी पाहुण्याची, चमचा पुष्कळदा पाहुण्याचा; पण पेला घरमालकाचा. मद्यगृहातही पेला त्या गृहाचाच असे.

मग प्रवासी काय करी? तो बंद तोंडाचे भांडे बाळगी. कातड्याचा बुधला किंवा भोपळ्याची तुंबडी दोरीने खांद्याला लावावी आणि वाट चालावी, ही रीत. आपल्याकडे आगगाडीच्या प्रवासाला फिरकीचा तांब्या न्यायचे, त्यामागचा व्यावहारिक विचार तोच होता. वाटेवर पाणी जवळ बाळगणे हे महत्त्वाचे. रिकामा उघडा पेला तहान भागवीत नाही, उलट धूळ गोळा करतो. म्हणून उघडा पेला घरात राहिला आणि झाकणाचे भांडे वाटेला लागले.

असे असता जत्रेतल्या पोशाखाला हा पेला चिकटला कसा? याचे उत्तर सोळाव्या शतकात शोधून सापडावयाचे नाही. ते विसाव्या शतकात आहे. अमेरिकेत आगगाड्यांत, शाळांत व सार्वजनिक नळांवर एकच पेला साखळीने बांधलेला असे आणि सारेजण त्यानेच पाणी पीत. यातून क्षयासारखे रोग पसरतात म्हणून १९०९ साली कॅन्सास राज्याने या सामाईक पेल्याला बंदी केली व इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. याच सुमारास कागदी पेला बाजारात आला. त्याचे एक आरंभीचे नाव ‘हेल्थ कप’ असे होते. पुढे पिऊन फेकून देण्याचा पेला अमेरिकेच्या अंगवळणी पडला. आता, एलिझाबेथकालीन वेष केलेल्या माणसाच्या हाती कागदाचा किंवा प्लास्टिकचा पेला आला की सारे सोंग क्षणात ढासळते. सामाईक पेल्याकडे परतणे शक्य नाही आणि ते हिताचेही नाही. तेव्हा तिसरा मार्ग निघाला: ज्याने त्याने आपला पेला आणावा. हात मोकळे राहावेत म्हणून तो कमरेला गेला. म्हणजे या पेल्याचा आकार जुना असला, तरी त्याची गरज अगदी आजची आहे.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पेला निवडणे सोपे होते. त्या काळी शोभणारी द्रव्ये अनेक आहेत. प्यूटर हा कथिलाचा मिश्रधातू. लंडनच्या प्यूटरकारांच्या संघाला १४७४ साली राजाची सनद मिळाली होती. जुन्या प्यूटरमध्ये शिसे असू शकते. म्हणून जुन्या बाजारातला पेला भिंतीवर शोभेला ठेवावा, ओठांना लावू नये. आजच्या चांगल्या प्यूटरमध्ये कथिलाबरोबर अँटिमनी व तांबे असते, शिसे नसते. विकत घेताना एवढे विचारून घ्यावे. चामड्याच्या पेल्याला आतून राळेचा किंवा मेणाचा लेप असतो. मधमाश्यांचे मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्यात गरम कॉफी ओतणे म्हणजे कॉफीबरोबर मेणही पिणे होय. राळेला कडक मद्य सोसत नाही. शिंग उष्णतेने मऊ होते. किंबहुना कारागीर त्याला तापवूनच आकार देतात, म्हणून तेही उकळत्या पाण्यापासून दूर ठेवावे. तांब्या-पितळेच्या पेल्याला आतून कल्हई हवी, नाहीतर लिंबाचे सरबत कळकते, हे आपल्या घरांतून वेगळे सांगावयास नको. भाजलेल्या मातीचा पेला गरम-थंड दोन्ही सोसतो. पण गर्दीत बाकावर आपटला की त्याचे आयुष्य संपते.

अडकवण्याची रीतही विचार करण्याजोगी आहे. पेल्याच्या कानातून रुंद वादी ओवून ती पट्ट्यावरून परत आणावी व बक्कल किंवा लाकडी खुंटीने अडकवावी. चकचकीत टिचबटण दूरवरून दिसते. वादी आखूड ठेवावी. लांब वादीवरचा पेला चालताना झोके घेतो, आणि मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवरच लहान मुलांची तोंडे असतात, हे जत्रेत विसरून चालत नाही. थैली एका बाजूस व पेला दुसऱ्या बाजूस, किंचित मागे, असे ठेवले म्हणजे तोल राहतो व बसताना अडचण होत नाही. कानाने टांगलेला पेला कलतो. तेव्हा तो रिकामा करून, पुसूनच अडकवावा. उन्हात दिवसभर हिंडायचे असल्याने त्यात प्रथम पाणी घ्यावे. घट्ट कापडाच्या थरांखाली घाम फार जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कमरेचा पेला हा खोटेपणा आहे काय? आमच्या मते, तो कोणाच्या कमरेला आहे, यावर हे अवलंबून आहे. जो त्या काळचा नागरिक, सेवक किंवा सरदार म्हणून लोकांपुढे उभा राहतो आणि ‘तेव्हा असे होते’ असे सांगतो, त्याने पेला काढून ठेवावा. सुरी, चमचा, थैली एवढेच बाळगावे. वाटसरूचे सोंग असेल तर बुधला खांद्याला लावावा आणि पेला झोळीत घालावा. परंतु जो पाहुणा म्हणून, आनंदासाठी जुना वेष करून आला आहे, त्याने आपला पेला खुशाल मिरवावा. त्याचा पेला सोळाव्या शतकाची साक्ष देत नसला, तरी दुसऱ्याचे उष्टे न पिता आणि कचरा न करता चारचौघांत बसून पिण्याची सोय तो करतो. मुलाने विचारले, ‘तेव्हा लोक असे पेले लावीत का?’ तर ‘नाही, बाळ, तेव्हा पेला घरमालक देई,’ असे सरळ उत्तर देता आले म्हणजे झाले. त्या एका उत्तराने मुलाला त्या काळच्या पाहुणचाराची जेवढी ओळख होईल, तेवढी नुसत्या पोशाखाने होणार नाही.