तांबड्या पेशीचे पटल

रक्तातील तांबडी पेशी अस्थिमज्जेत जन्मते, तेव्हा तिच्यात केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल अशी सारी पेशीअंगके असतात. पक्व होताना ती केंद्रक बाहेर टाकते, इतर अंगके पचवते आणि हिमोग्लोबिनने भरून जाते. उरते ते फक्त प्रद्रव्यपटल. नवे प्रथिन घडवण्याची सोय नसलेली, 7 ते 8 मायक्रोमीटर व्यासाची ही चकती सुमारे 120 दिवस जगते आणि स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून वाकून पार होते. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्याला छळणारे सिकलसेल आणि हिवताप हे दोन्ही आजार याच पटलाशी येऊन भिडतात.

पटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर. रेणूंची पाणी टाळणारी शेपटे आत वळलेली असतात आणि मध्ये कोलेस्टेरॉल व प्रथिने रुतलेली असतात. आतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाचे जाळे त्याला आधार देते. पेशीची लवचीकता त्याच्यामुळेच. पटलातील पंप सोडियम बाहेर काढतात, पोटॅशियम आत घेतात.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन ताठ तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. खरी हानी पुढे होते. ताणलेल्या पटलातून कॅल्शियम आत शिरते, त्याने पोटॅशियमची वाट उघडते आणि पोटॅशियमसोबत पाणीही निघून जाते. पेशी सुकली की हिमोग्लोबिन दाटते, तंतू आणखी लवकर बनतात. ताप, जुलाब किंवा उन्हातली रोवणी यांनी वेदनांचा झटका येतो तो यामुळे. रुग्णाला भरपूर पाणी पिण्याचा सल्ला हा खराखुरा उपचार आहे. चिकट झालेल्या पेशी रक्तवाहिनीला धरून बसतात आणि 10 ते 20 दिवसांत नष्ट होतात.

फाल्सिपेरम हिवतापाचा परजीवी मात्र अंगकांनी संपन्न आहे. टोकाकडील पिशव्यांतील प्रथिनांच्या मदतीने तो पटल ओलांडतो, रिक्तिकेत हिमोग्लोबिन पचवतो आणि स्वतःची प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर पाठवून तिला वाहिनीच्या भिंतीला चिकटवतो. मेंदूचा हिवताप यातूनच उद्भवतो. परजीवीतील चार पटलांचे एपिकोप्लास्ट हे अंगक एका प्राचीन शैवालाकडून आले आहे. याच जंगलपट्ट्यातील आलापल्लीच्या सागपानांतील हरितलवकाशी त्याचे दूरचे नाते लागते, मात्र प्रकाशसंश्लेषण ते विसरले आहे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक या अंगकातील प्रथिननिर्मिती थांबवते.

सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या वाहकांना गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळते, हे संशोधक ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. वाहकाच्या पेशीवर परजीवीची चिकट प्रथिने कमी उमटतात आणि बाधित पेशी प्लीहेत लवकर गाळली जाते. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले ते या लाभामुळे. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता 25 टक्के असते.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीवर भर आहे. हायड्रॉक्सियुरिया गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे तंतू जुळणे लांबते. ही गोळी रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्तपेशींची मोजणीही करावी लागते. म्हणून भामरागड, सिरोंचासारख्या दूरच्या तालुक्यांत औषधाइतकीच जवळच्या प्रयोगशाळेची गरज आहे.