साडेतीन कोटी नोंदी आणि दोनशे चाळीस घरं

पबमेड ही वैद्यकीय संशोधनाची खुली यादी. तिच्यात आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. समजा, छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीतल्या कुणी ठरवलं की एका नोंदीला एकच मिनिट द्यायचं, रोज आठ तास बसायचं आणि रविवार, सणवार काही पाळायचं नाही. तरी यादी संपायला दोनशे वर्षं लागतील. ती आज संपायची असेल, तर वाचन पेशवाई बुडाल्यावर सात-आठ वर्षांतच सुरू व्हायला हवं होतं. आणि तसं झालं असतं तरी यादी हाती लागली नसती, कारण या वेगानं वर्षाला जेमतेम पावणेदोन लाख नोंदी वाचून होतात, तर नव्या येतात दहा लाखांहून जास्त.

हिल्डा बास्टियन, पॉल ग्लाझिऊ आणि इयन चाल्मर्स यांनी २०१० साली हिशेब मांडला होता. जगात रोज ७५ वैद्यकीय चाचण्या प्रसिद्ध होतात आणि अशा चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेणारे ११ लेख. दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरनं हे कधी वाचायचं? त्याच्या वतीनं वाचण्यात काही साथरोगतज्ज्ञांची अख्खी कारकीर्द जाते. एक प्रश्न ठरवायचा, त्यावरचं जगभरातलं संशोधन शोधायचं, दोघांनी एकमेकांना न विचारता प्रत्येक लेख ठेवायचा की वगळायचा ते ठरवायचं, आणि उरलेल्यांची आकडेवारी वजन लावून एकत्र करायची. हे शेवटचं काम म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस. अशा १९५ आढाव्यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. एका आढाव्याला सरासरी ६७ आठवडे लागले होते. शोधात सापडलेले लेख कुठे २७ होते, तर कुठे ९२,०२०. शंभरातले सरासरी तीनच टिकले.

आता त्या तीनांमध्ये काय असतं ते पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलांच्या न्यूमोनियावरची त्यांची चाचणी १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. ५८ गावांतल्या ६,१७६ मुलांसाठी गावातच उपचाराची सोय केली होती. तुलनेला ४४ गावांतली ३,९४७ मुलं होती. गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवलं होतं. न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतले ०.८ टक्के दगावले, म्हणजे पाच मुलं. तुलनेच्या गावांत हे प्रमाण १३.५ टक्के होतं. त्या दरानं ६१२ पैकी ८० हून अधिक मुलं गेली असती.

इतका मोठा फरक दिसला की पद्धतीचा अभ्यासक आधी थांबतो. एका जिल्ह्यात, तळमळीच्या माणसांच्या हातून झालेलं दुसरीकडे होईल का? सुनील सझावल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी अशा नऊ चाचण्या एकत्र केल्या. टांझानियापासून फिलिपिन्सपर्यंतच्या त्या यादीत गडचिरोलीही होती. २००३ साली उत्तर आलं: पाच वर्षांखालच्या मुलांचे एकूण मृत्यू २४ टक्क्यांनी घटतात. गडचिरोलीच्या आकड्यासमोर हा लहान दिसतो. मला तो जास्त मोलाचा वाटतो. तो नऊ ठिकाणी उन्हापावसात पायी फिरून गोळा झाला आहे आणि दहाव्या ठिकाणी त्याच्यावर भिस्त ठेवता येते.

नवजात बाळांचंही असंच झालं. गडचिरोलीत ३९ गावांत बाळांची काळजी घरी जाऊन घेतली, ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९७-९८ मध्ये नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांत हजारी ५९.६ होता आणि घरभेटींच्या गावांत २५.५. पुढे सिद्धार्थ गोगिया आणि हर्षपाल सिंग सचदेव यांनी घरभेटींवरच्या दक्षिण आशियातल्या पाच चाचण्या एकत्र केल्या. २०१० साली आलेल्या त्यांच्या आढाव्यात नवजात मृत्यूंची घट ३८ टक्के निघाली. २०११ पासून देशभर आशाताई, म्हणजे सरकारच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या, अशाच भेटींसाठी बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात. प्रत्येकाला सहा भेटी धरल्या तर वर्षाच्या बारा कोटी भेटी होतात.

मात्र टक्केवारी तीच राहिली तरी वाचणारे जीव सगळीकडे सारखे नसतात. हजारी ६० बाळं दगावत असतील तर ३८ टक्के म्हणजे जवळपास २३ जीव, म्हणजे साधारण ४४ घरांमागे एक. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० साली हजारी ११ वर आला होता. त्याच्या ३८ टक्के म्हणजे चार जीव. चिकलठाणा एमआयडीसी आणि सिडकोच्या मधल्या मुकुंदवाडीत, जिथून घाटी रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे, तिथे हा सरासरी दर धरला आणि चाचण्यांमधला परिणाम जसाच्या तसा मानला, तर एक बाळ वाचवायला २४० घरं गाठावी लागतील, १,४४० वेळा जिने चढावे लागतील, आणि त्यातल्या २३९ घरांत आशाताईंना आपल्या येण्यानं काय बदललं ते कधीच दिसणार नाही. एका बाळाच्या सगळ्या भेटी मिळून मानधन ठरलं २५० रुपये, भेटीला ४२ रुपयेसुद्धा नाहीत. २४० घरांचे होतात ६०,००० रुपये. एका जिवासाठी ही रक्कम मोठी आहे, असं मला कुठल्याही हिशेबानं वाटत नाही. ती निदान दुप्पट करावी.