लग्नाचा फोटोवाला ठरवताना

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या गावागावांत बैठका सुरू होतात. सुपारी फुटते, तारीख धरली जाते आणि कामांची यादी निघते. मंडप, आचारी, वाजंत्री, कपडे, भांडी. या यादीत फोटोवाला बहुतेक वेळा शेवटी येतो. तो ठरवायचं काम मुलाच्या मित्राकडे नाहीतर मामाकडे जातं. पैसे मात्र घरातून जातात, आणि पुष्कळ घरांत ते बचत गटाच्या कर्जातूनच जातात. हप्ता फेडणारी बाई आपण असतो. म्हणून आज आम्ही ठरवलं, की फोटोवाला कसा निवडायचा, त्याच्याशी काय बोलायचं आणि कागदावर काय लिहून घ्यायचं, हे नीट सांगावं.

जेवण पंगतीबरोबर संपतं. मंडप दुसऱ्या दिवशी सुटतो. फोटो मागे राहतात. आजी-आजोबा गेल्यावर भिंतीवर लावायला चांगला फोटो शोधतात, तो पुष्कळदा कुणाच्या तरी लग्नातलाच सापडतो. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करतानाही लग्नविधीचा फोटो आणि लग्नपत्रिका मागतात. त्यामुळे हे काम हौसेचं असलं, तरी नुसत्या हौसेचं नाही.

आधी घरात ठरवा

फोटोवाल्याकडे जाण्याआधी घरात बसून तीन गोष्टी ठरवा. पहिली, कोणकोणत्या दिवशी फोटो हवेत. साखरपुडा, हळद, देवक, लग्न, वरात, सत्यनारायण हे सगळं हवं, की फक्त हळद आणि लग्न? दुसरी, काय हवं. नुसते फोटो, की व्हिडिओ शूटिंगही? तिसरी, जास्तीत जास्त किती पैसे. हा आकडा आधी ठरलेला नसला, तर दुकानात बसल्यावर ड्रोन, प्री-वेडिंग, मोठा स्क्रीन असं एकेक वाढत जातं आणि घरी येईपर्यंत रक्कम दुप्पट होते.

पैसे कमी असतील, तर दिवस कमी करू नका, थाट कमी करा. ड्रोनमधून मंडपाचं छत दिसतं, माणसांचे चेहरे दिसत नाहीत. महागड्या डब्यातला अल्बम वर्षातून दोनदा उघडतो. हळदीला आलेली आत्या, मावशी, शेजारीण यांचे फोटो मात्र पुन्हा मिळत नाहीत.

काम बघताना

फोटोवाला मोबाइलवर चाळीस सुंदर फोटो दाखवतो. ते चाळीस लग्नांतले चाळीस असू शकतात. कधी कधी तर दुसऱ्याच कुणीतरी काढलेले असतात. म्हणून त्याला सांगा, "दादा, एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत." मग ते असे बघा.

अंतरपाट दूर झाला, त्या क्षणाचा फोटो आहे का? तो क्षण एकदाच येतो. तिथे जो चुकला नाही, त्याला कामाची समज आहे. अक्षता पडताना नवरा-नवरीचे चेहरे स्वच्छ दिसतात का? हळदीचे फोटो बघा. भर दुपारच्या उन्हात काढले असतील, तर डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. रंगीत मंडपाखाली काढले असतील, तर कापडाचा निळा-हिरवा रंग चेहऱ्यावर उतरतो. चांगला फोटोवाला बायकांना मोकळ्या सावलीत बसवून घेतो. आपलं लग्न गोरज मुहूर्तावर असेल, तर संध्याकाळचंच लग्न बघायला मागा. दिवसा चांगले फोटो काढणाऱ्याचे फोटो रात्री अंधारे येऊ शकतात. त्याचे स्वतःचे दिवे आहेत का आणि वीज गेली तर काय करणार, हेही विचारा.

सावळ्या मुलींचे फोटो खास बघा. काही जण चेहरा इतका पांढरा करतात, की आईलासुद्धा मुलगी ओळखू येत नाही. "आमच्या मुलीचा रंग आहे तसाच ठेवा" हे सांगायला लाजू नका.

त्याने ज्या घरी काम केलं, त्यांपैकी दोन घरचे नंबर घ्या आणि तिथल्या बाईशी बोला. फोटो कसे आले, एवढंच विचारू नका. विचारा, "वेळेवर आला का? अल्बम कधी मिळाला? वरून पैसे मागितले का? बायकांशी नीट बोलत होता का?"

आपल्या रीती त्याला माहीत आहेत का, हेही बघा. कानपिळी कधी होते, सूनमुख कधी बघतात, झाल कुठल्या वेळी होते, हे माहीत नसलेला माणूस नेमका तेव्हाच चहाला गेलेला असतो. बौद्ध पद्धतीचं लग्न असो, निकाह असो की सत्यशोधक विवाह, आपल्या विधींचा क्रम लिहून त्याच्या हातात द्या.

येणार कोण?

दाट तिथीला एकाच दिवशी गावोगावी लग्नं असतात. मोठा स्टुडिओ त्या एका तिथीची चार-पाच कामं घेतो. दुकानात गोड बोलणारा मालक एका लग्नाला जातो आणि आपल्याकडे शिकाऊ पोरगा येतो. म्हणून सरळ विचारा, "आमच्याकडे तुम्ही स्वतः येणार की दुसरं कोणी? त्याच तारखेला अजून कुठलं काम घेतलंय?" दुसरा येणार असेल, तर त्याचं काम बघा आणि त्याचं नाव कागदावर लिहून घ्या. माणसं किती, कॅमेरे किती, एक बिघडला तर जोडीला दुसरा आहे का, हे विचारा. आणि लग्नाच्या रात्रीच फोटोंची दुसरी प्रत कॉम्प्युटरवर किंवा हार्डडिस्कवर उतरवून ठेवतो का, हेही. मेमरी कार्ड हरवलं किंवा खराब झालं, तर सगळं लग्नच गेलं.

पैसे आणि कागद

बैल घेताना आपण विसार देतो, जमीन घेताना कागद करतो. फोटोवाल्याला मात्र हजारो रुपये तोंडी बोलीवर देतो. भांडणं होतात ती इथेच. साध्या वहीच्या पानावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. त्या पानावर इतकं असू द्या:

१. कार्यक्रमांच्या तारखा, ठिकाणं, येण्याची आणि जाण्याची वेळ.
२. येणाऱ्या माणसांची संख्या आणि मुख्य फोटोवाल्याचं नाव.
३. एकूण रक्कम. प्रवास, जेवण, मुक्काम त्यात धरलाय का.
४. अल्बम किती, आकार किती, शीट किती. एका शीटला बहुतेक दोन पानं असतात, तरी विचारून घ्या. जास्तीच्या शीटचा दर आधीच लिहा.
५. अल्बममधले फोटो सोडून बाकीचे सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये मिळणार का.
६. नोंदणीसाठी विधीचा एक स्वच्छ फोटो छापून किती दिवसांत मिळणार.
७. फोटो किती दिवसांत, अल्बम किती दिवसांत, व्हिडिओ किती दिवसांत.
८. तारीख पुढे गेली किंवा लग्न मोडलं, तर विसाराचं काय.
९. त्याला येता आलं नाही, तर तो काय करणार.

आता हप्ते. समजा ४०,००० रुपये ठरले. विसार म्हणून ८,००० द्या. लग्नाच्या दिवशी १२,००० द्या. सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये हातात आले, उघडून बघितले, की १०,००० द्या. आणि अल्बम मिळाल्यावर उरलेले १०,००० द्या. आकडे तुमच्या सोयीने बदला, पण शेवटचा हप्ता काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवा. सगळे पैसे आधी दिले, की अल्बम दिवाळीपर्यंत लांबतो आणि फोन उचलला जात नाही. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने दिलेत तर नोंद राहते. रोख दिलेत तर पावती घ्या.

दुसरी बाजूही सांगतो. उशीर पुष्कळदा आपल्याकडूनच होतो. अल्बमसाठी फोटो निवडून द्यायचं काम घरात कुणीच करत नाही. मुलगी सासरी गेलेली, जावई नोकरीच्या गावी. फोटोवाला थांबून राहतो आणि वर्ष जातं. फोटो कोण निवडणार आणि किती दिवसांत, हे घरातही ठरवा. त्याची माणसं दिवसभर उभी असतात, त्यांना वेळेवर जेवायला बसवा. उपाशी माणसाकडून काम चांगलं होत नाही.

फोटोत कोण असणार?

अल्बम उघडून बघा. सत्कार घेणारे पाहुणे पानोपानी असतात. नवरीची आई कुठे असते? ती धावपळीत असते. कोठीची किल्ली तिच्याकडे, मानपानाच्या साड्या तिच्याकडे. मुलगी निघाल्यावर कळतं, की दोघींचा एकत्र असा एकही चांगला फोटो नाही. त्यावर उपाय सोपा आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, वीस मिनिटं राखून ठेवा. मुलगी आणि आई, मुलगी आणि आजी, बहिणी-बहिणी असे फोटो तेव्हाच काढून घ्या.

नावांची यादी करा आणि नातेवाईक ओळखणारी एखादी चुणचुणीत भाची-पुतणी फोटोवाल्यासोबत ठेवा. त्याला कोण आत्या आणि कोण शेजारीण हे कळत नाही. यादीत रुखवत करणाऱ्या, जात्यावर हळद दळणाऱ्या, चुलीपाशी राबणाऱ्या बायांची नावंही घाला. आणि आणखी एक मनातलं सांगतो. नवरा गेलेली आत्या, काकू स्टेजवर यायला बिचकते. कुणी बोलावत नाही, म्हणून मागच्या रांगेत बसते. त्या मुलीला लहानपणी तिनेच अंगाखांद्यावर खेळवलेलं असतं. तिचं नाव यादीत वर लिहा आणि हाताला धरून पुढे आणा.

मुलींचे फोटो कुठे जातात?

स्टुडिओ आपली जाहिरात म्हणून नवरीचे फोटो फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, दुकानाच्या बोर्डवर लावतात. बऱ्याचदा विचारतही नाहीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काढायला सांगणाऱ्याचा असतो. म्हणून पावतीच्या मागे बारीक अक्षरांत काय छापलंय, ते कुणाकडून तरी वाचून घ्या आणि मग सही करा. आणि आपल्या कागदावर एक ओळ वाढवा: "आमच्या लेखी परवानगीशिवाय फोटो कुठेही लावायचे नाहीत." लहान मुली आणि हळदीत भिजलेल्या बायका यांच्या फोटोंबद्दल हे आणखी स्पष्ट सांगा. नवरी तयार होत असते त्या खोलीत पुरुष फोटोवाला नको असेल, तर स्त्री फोटोग्राफर मिळते का, विचारा. हे काम करणाऱ्या मुली आता तालुक्याच्या गावीही दिसू लागल्या आहेत. नाहीच मिळाली, तर तयारी पूर्ण झाल्यावरच त्याला आत बोलवा.

फोटो हातात आल्यावर

पेनड्राइव्ह मिळाला, की कॉम्प्युटरवर लावून सगळे फोटो उघडतात का ते बघा. लगेच दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा, एक माहेरी, एक सासरी. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो, मोठा छापला तर फाटल्यासारखा दिसतो. त्यामुळे "व्हॉट्सॲपवर पाठवले ना" यावर समाधान मानू नका, मूळ फोटोच घ्या. आणि पंधरा-वीस फोटो कागदावर छापून घ्या. मोबाइल बदलतो, बिघडतो. कागदावरचा फोटो ट्रंकेत टिकतो.

बिनसलं तर

आधी शांतपणे बोला. मग काय राहिलं आणि कधीपर्यंत हवं, हे लिहून पाठवा आणि त्याची प्रत ठेवा. तरीही दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या नंबरवर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. ती दोन वर्षांच्या आत करायची असते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामासाठी तक्रारीचं शुल्क लागत नाही. पण तिथे विचारतील, कागद कुठे आहे? पावती कुठे आहे? म्हणून आधीचं ते वहीचं पान मोलाचं.

गटाची वही

एकट्या बाईपेक्षा गटाला जास्त माहिती असते. पुढच्या बैठकीत एक वही करा. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या गावात कुणी कुणी फोटो काढले, किती पैसे घेतले, अल्बम किती महिन्यांनी दिला, वागणूक कशी होती, हे लिहा. खरं तेवढंच लिहा, ऐकीव नको. चांगलं काम करणाऱ्याचं नाव आवर्जून लिहा, त्याचाही फायदा होतो. ज्या घरी पुढचं लग्न असेल, तिने आधी ही वही बघावी. दोन-तीन घरांनी मिळून एकाच फोटोवाल्याला कामं दिली, तर दरातही फरक पडतो.

यंदा तुमच्या गटात ज्या ज्या घरी मांडव पडणार आहे, तिथल्या मैत्रिणींना आमच्याकडून शुभेच्छा. आणि नवरीच्या आईला एक निरोप: त्या दिवशी कोठीची किल्ली थोडा वेळ जावेकडे द्या, पदर नीट करा आणि लेकीशेजारी उभ्या राहा. नमस्कार.